घागरींची बाग

डोळे मिटा बरं सगळ्यांनी. मिटले? आता असं समजा, की वैशाखातली दुपार आहे. पायांत वहाण नाही, म्हणून तुम्ही एका सावलीतून दुसऱ्या सावलीकडे पळत चालला आहात. समोर भला मोठा कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला जाड दोर बांधलाय, दोरात फळी अडकवलीय. तुम्ही फळीवर उभे राहता, गुडघे वाकवता आणि झोका वर जातो. इतका वर, की कुंपणापलीकडची बोरी नदीची वाळू दिसते, गावातली धाब्याची घरं दिसतात आणि पोटात गोळा येतो. आला ना गोळा?

आता असं समजा, की तिथे तो निंबच नाही. त्या जागी कापसाच्या गाठी रचल्या आहेत आणि फाटकाला कुलूप आहे.

कसं वाटलं? झुंबरला अगदी तसंच वाटलं होतं. डोळे उघडा आणि ऐका.

पारोळ्याच्या बाजूला, बोरीच्या काठावर झुंबरचं गाव होतं. साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं. गावाच्या कडेला एक बाग होती. बाग म्हणायची एवढंच. पाटलांच्या घरातल्या कुणा जुन्या बाईने देवाला फुलं मिळावीत म्हणून ती लावली आणि गावाला देऊन टाकली. पुढे ती बाई गेली, माळी गेला, आडातलं पाणी गेलं. राहिला एक निंब, एक पिंपळ आणि बाकी सगळं बाभळीचं रान. लोक फुटकी खापरं आणि मोडक्या बाजा तिथे टाकू लागले.

तरी वर्षातून एकदा त्या जागेत जीव यायचा. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांना कुणी रागवायचं नसतं. झुंबरची मोठी बहीण कमल पाचोऱ्याकडे दिली होती. वर्षभर तिथे तिचं डोकं पदराखालून वर येत नसे. ती आखाजीला यायची, मोजून दोन दिवस राहायची आणि त्यातला एक पुरा दिवस झोक्यावर काढायची. मागच्या आखाजीला बाभळी निंबापर्यंत आल्या होत्या. झोका मागे गेला की कमलचा पदर काट्यात अडके. परत जाताना गाडीत बसल्यावर तिने झुंबरचा हात धरला आणि म्हणाली, "मना झोका राखजो, झुंबर."

झुंबरने मान हलवली होती. आणि एकदा मान हलवली की ती पोर मागे हटत नसे.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. झुंबर वडिलांना, भटूभाऊंना, जेवायला बोलवायला चावडीवर गेली. तिथे शालिग्राम पाटील बोलत होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं.

"ती बाग कसानी? काट्यासनं रान शे," आबा सांगत होते. "जिनवाला शेठ कापूसन्या गाठी ठेवाले जागा मांगी राहिना. निंब तोडी टाकूत, जागा मोकळी करूत. आखाजीले येई तो, माप लेई."

"आन पिंपळखालन्या घागरी?" कुणीतरी दबकत विचारलं.

विचारायला कारण होतं. आखाजीला प्रत्येक घरी कोरी घागर आणून ती पितरांच्या, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, पूजा करायची. हे सगळ्या खानदेशात होतं. या गावाची आणखी एक रीत होती. दुसऱ्या दिवशी ती घागर घरात वापरायची नाही. तिच्या गळ्यावर आपल्या घराची गेरूची खूण काढायची आणि बागेतल्या पिंपळाखाली नेऊन ठेवायची. पितर येतात आणि त्यातलं पाणी पितात, असं म्हणत. पाणी आटलं की घागर तिथेच पडून राही. तिला कुणी हात लावत नसे. वर्षानुवर्षांच्या घागरी तिथे ओळीने बसल्या होत्या.

"त्यात काय?" आबा म्हणाले. "गाडीमा भरूत, नदीमा सोडूत."

"आबा, ते रान नही. बाग शे."

सगळ्यांच्या माना वळल्या. खांबाला टेकून झुंबर उभी होती. भटूभाऊंना वाटलं, धरणी दुभंगावी.

आबा रागावले नाहीत. ते हसले, आणि ते हसणं रागापेक्षा वाईट होतं. "बाग शे? मंग फूल दखाड माले एक."

"आखाजीले दखाडसू."

"आखाजीले!" आबांनी मांडीवर थाप मारली. "बठ्ठं गाव तवय पेवाना पानीसाठे वाळू उकरस, आन ही फूल दखाडी! भटू, तुनी पोर तं चावडीवर बसाना कामनी झाई रे!"

चावडी खो खो हसली. घरी, दाराशी आल्यावर भटूभाऊ म्हणाले, "काब्र बोलनी तू?"

"खरं शे म्हनीसन," झुंबर म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन बागेत शिरली. विळा बापाचा होता. मोडला तर घरात पाऊल टाकू नको, असं सांगून त्याने तो दिला होता. दिला होता हे महत्त्वाचं. शेजारची बेबा तिच्या मागोमाग आली. मग आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांच्या बहिणी आखाजीला येणाऱ्या होत्या.

पोरींनो, पोरांनो, उजाड जागा कशी साफ करायची ते या मुलींकडून शिकून घ्या. त्यांनी सगळं एकदम कापायला घेतलं नाही. आधी निंबापर्यंत एक पायवाट काढली. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचेल तेवढं. कापलेला काटा जाळला नाही, ओढून नेऊन कडेला रचला. आठवडाभरात त्याचंच कुंपण उभं राहिलं आणि गावच्या शेळ्या बाहेर राहिल्या. फुटक्या खापरांच्या त्यांनी वाफ्यांना कडा केल्या. दसऱ्याच्या तोरणातले वाळके झेंडू दारादारांवर अजून लटकत होते, ते मागून आणले आणि चुरून बी काढलं. गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी झुंबरच्या आईच्या, सुगंधाबाईच्या, उतरंडीतल्या मडक्यात होतं.

आणि एका बाभळीच्या बुडाशी बेबाला एक खुंट सापडला. वाळका, करडा, बोटभर जाड.

"सरपन," बेबा म्हणाली आणि ओढायला लागली. तो निघेना. झुंबरने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

तो मोगरा होता. त्या जुन्या पाटलीणबाईच्या हातचा. काट्यांखाली कुणाला न दिसता इतकी वर्षं तग धरून राहिलेला. पोरी त्याच्याभोवती उकिडव्या बसल्या. मग झुंबरने वाळलेल्या फांद्या छाटल्या, बुडाची माती उकरून मोकळी केली.

खताचं काय? शेण कुणी देईना, ते शेताला लागतं. पण त्या दिवसांत पुना ठेलारी मेंढ्या घेऊन गावाजवळ उतरला होता. मेंढ्या रात्रभर ज्या रानात बसतात त्या रानाला लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी त्याला दाणे देऊन मेंढ्या बसवायचे. झुंबरकडे दाणे नव्हते. तिच्याकडे कापलेल्या बाभळींच्या शेंगांचा ढीग होता, आणि मेंढ्यांना त्या शेंगा पेढ्यासारख्या लागतात.

पुनाने ढिगाकडे पाहिलं, झुंबरकडे पाहिलं. "मालक कोन शे आठला?"

"मीच शे."

"रामराम मालक," पुना म्हणाला आणि त्या रात्री मेंढ्या बागेत बसल्या.

इथवर सगळं छान चाललं. मग होळी झाली, आणि ऊन लागलं.

नदी आटली. बायका वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीने पाणी भरू लागल्या. पोरी घरचं पाणी भरून झालं की एकेक कळशी बागेत नेत. ओतलेलं पाणी माती सूंऽ करून पिऊन टाकी आणि दुपारपर्यंत पुन्हा तडकलेली असे. झेंडूची रोपं माना टाकू लागली.

झुंबरने घरी एक गोष्ट पाहिली होती. पिण्याच्या पाण्याची घागर ज्या कोपऱ्यात ठेवलेली असे, तिथे आईने धने टाकले होते, आणि भर उन्हाळ्यात तिथे कोथिंबीर हिरवीगार होती. घागर पाझरते, थेंबथेंब, रात्रंदिवस. मग रोपाशेजारी घागरच पुरली तर? गळ्यापर्यंत पुरायची, भरायची, वर दगड ठेवायचा. ऊन वरून पिऊ शकणार नाही, आणि मूळ खालून पीत राहील.

पोरींनी उकिरड्यावरच्या जुन्या घागरी शोधून आणल्या, पुरल्या, भरल्या. दुसऱ्या दिवशी दगड उचलून पाहिलं तर पाणी जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशीही तसंच. रोपं मात्र करपत होती.

सुगंधाबाईंना कळलं तेव्हा त्या हसल्या. "आव, जुनी घागर पाझरती तं नवी काब्र लेतूत दर सालले? खारं पानी भरी भरी तिनं अंग बुजी जास."

कोरी घागर हवी होती. कुंभाराकडे कोऱ्या घागरी होत्या, पण त्याला बदल्यात दाणे लागत, आणि पोरीच्या हट्टापायी दाणे कोण देणार?

झुंबर बागेत येऊन निंबाखाली बसली. समोर पिंपळ होता, आणि पिंपळाखाली घागरी. एकेकच दिवस भरलेल्या, म्हणजे कोऱ्याच. ती उठली. कळशीतलं उरलेलं पाणी तिने एका घागरीत ओतलं आणि हात लावून बसून राहिली. थोड्या वेळाने तळहात ओला झाला.

"बेबा," तिने हाक मारली. "आठे ये."

बेबाला कळायला वेळ लागला नाही. तिचे डोळे मोठे झाले. "पितरसन्या शेत त्या! झोपमा येतीन ते!"

"येतीन तं सांगसू, पानी भरेल शे, पिई ल्या."

"तू येडी शे, झुंबर," बेबा म्हणाली आणि पळाली. तिच्यामागे बाकीच्याही पळाल्या.

झुंबर एकटी राहिली. तिला भीती वाटली नाही असं मी सांगणार नाही. पण पाटील या घागरी नदीत सोडणार होते, हे तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं. आणि कमलला तिने मान हलवून हो म्हटलं होतं. तिने आधी आपल्या घरची खूण शोधली, आपल्या आज्याची घागर. ती उचलून छातीशी धरली. "आजा," ती म्हणाली, "तुले रोज पानी देसू. राग धरू नको." आणि झेंडूच्या वाफ्यात खड्डा खणून तिने ती पुरली. मोगऱ्याला मोठी घागर हवी होती. सगळ्यांत मोठी घागर पाटलांच्या घरची होती, दोन आडव्या रेघा आणि मध्ये चांदणी काढलेली. आबांच्या वडिलांच्या नावाची. तिने तीच घेतली.

तीन-चार दिवसांनी सुगंधाबाई बागेत आल्या. पुरलेल्या घागरींचे गळे आणि त्यावरच्या गेरूच्या खुणा त्यांनी पाहिल्या. सासऱ्यांची घागरही पाहिली. दुसऱ्या दिवशी झिऱ्यावरून येताना त्यांच्या डोक्यावर एक कळशी जास्त होती, आणि ती त्यांनी बागेच्या वाटेवर उतरवून ठेवली. मग बेबा परत आली. रात्री कुणी स्वप्नात आलं नव्हतं, असं तिनेच कबूल केलं.

चैत्र सरता सरता मोगऱ्याला पानं फुटली, पानांआड हिरवे ठिपके आले, आणि ठिपक्यांच्या कळ्या झाल्या. गिलक्याचा वेल काट्याच्या कुंपणावर चढला.

आखाजीचा दिवस उजाडला. घरोघर नव्या घागरी भरल्या गेल्या. दुपार कलताच लेकी बागेकडे निघाल्या. कमल सर्वांत पुढे होती. पायवाटेवर पाय ठेवला आणि ती थांबलीच. निंबाखालची जमीन झाडून सारवल्यासारखी स्वच्छ होती. कुठून तरी मोगऱ्याचा वास येत होता. तिने झुंबरला जवळ ओढलं आणि तिचे काट्यांनी फाटलेले हात उलटेसुलटे करून पाहिले. फक्त झोका नव्हता. मागच्या सालचा दोर उंदरांनी खाल्ला होता आणि नव्याची सोय कुणाकडून झाली नव्हती.

तेवढ्यात आबा आले. बरोबर जिनवाला शेठ, आणि शेठचा एक माणूस, खांद्यावर मोजणीच्या गाठी मारलेल्या जाड दोराची गुंडाळी घेतलेला. भटूभाऊ आणि गावातले बाप्ये मागे होते.

झुंबर पुढे झाली. तिने ओंजळ उघडली. "आबा, फूल."

आबांनी मोगऱ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते म्हणाले, "दखाडं बा तू. पन फूलवर गाव चालस का? शेठ, माप ल्या."

दोर जमिनीवर पडला, सरसरत उलगडू लागला. शेठचा माणूस मागे मागे चालत मोगऱ्यापाशी गेला आणि त्याच्या टाचेने एक दगड बाजूला सरकला. खाली घागरीचा गळा होता. गळ्यावर दोन आडव्या रेघा, मध्ये चांदणी.

आबांचा चेहरा पालटला. "ही मना बापनी घागर शे! कोनी पुरी ही? पितरसन्या घागरीले हात लावा कोनी?"

"मी," झुंबर म्हणाली.

बाप्यांत कुजबुज झाली. "भटू!" आबा गरजले. "उकर ती! बठ्ठ्या उकर!"

भटूभाऊ पुढे आले. त्यांनी खाली वाकून घागरीच्या गळ्याला हात घातला. मग पोरीकडे पाहिलं. ती मोगऱ्यापुढे दोन्ही पाय रोवून उभी होती. आणि घागरीच्या पाझराने त्यांची बोटं ओली झाली होती. ते उभे राहिले. "आबा," ते हळूच म्हणाले, "भरेल शे."

"भरेल शे तं काय?"

"तुम्ही ह्या नदीमा फेकनार व्हतात," झुंबर म्हणाली. "मी फेकी नही. तुम्ही पितरसले वरीसमा एक दिन पानी देतस. मी रोज दिनं. तुमना बापले बी दिनं."

मग बायकांमधून एक आवाज आला. ताईबाई, आबांची आत्या, काठी टेकत पुढे आली. आखाजीला बायकांच्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि ताईबाईच्या तर एरवीही लागत नसे.

"काय रे शालिग्राम? आखाजीना दिन बापनं पानी तोडाले उना का? लाज वाटू दे जरा! तुना बाप हयातभर तान्हेला मरना, आते कोठे त्याले पानी मियनं, तं तू उकराले निंघना!"

बायका हसल्या. दुसरी ओरडली, "शेठ, तुमना बी बापनी घागर आनी ठेवा आठे, पोर त्याले बी पाजी!" मग सगळ्याच बोलू लागल्या. शेठने टोपी सरळ केली आणि पाटलांकडे पाहिलं. पाटील घागरीकडे पाहत होते.

झुंबरने शेजारची कळशी उचलली. त्यात अजून पाणी होतं. ती तिने आबांपुढे धरली. "आज तुम्ही घाला."

सगळं गाव बघत होतं. दिवस आखाजीचा, घागर बापाची. नाही म्हणायला जागाच नव्हती. आबांनी कळशी घेतली. खाली बसायला त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी घागरीत पाणी ओतलं, काठोकाठ, आणि दगड आपल्या हाताने परत वर ठेवला. मोगऱ्याची एक फांदी त्यांच्या पागोट्याला घासली.

"मंग माप?" शेठने विचारलं.

"माप नही," आबा उठत म्हणाले. "आठे मना बाप शे."

शेठ पाय आपटत निघाला. त्याचा माणूस दोर गुंडाळायला वाकला, तेव्हा आबा मागे न बघता म्हणाले, "राहू दे तो. बैलगाडी निंघी राहिनी तुमनी."

दोर निंबाखाली तसाच पडून राहिला. झुंबरने त्याचं एक टोक उचललं. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, गाठी दाबून पाहिल्या. चांगला होता, बैल बांधला तरी तुटला नसता. तिने परकराचा कासोटा घातला, टोक दातांत धरलं आणि ती निंबावर चढू लागली.